लेकीची ढिगली

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की छबुबाईला दिवाळीच्या खर्चाची धास्ती लागायची. एरवी बाई हसतमुख, तोंडानं फटकळ, ओढ्यावर धुणं धुताना चारचौघींना हसवून सोडणारी. पण दसरा ते दिवाळी या दिवसांत तिच्या वाटेला कुणी जाऊ नये. यंदा तर ओढ्यावर जाण्यासारखंही काही उरलं नव्हतं. दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली होती, ओढ्यात नुसते दगड उघडे पडले होते. टँकर आला तर धुणं, नाही तर तसंच.

घर बीडकडच्या शिरूरच्या अंगाचं, लहानसं. नवरा बंकट, दोन पोरं आणि सासू बायनाबाई. भाऊबीज झाली की बंकट गाडीला बैल जुंपायचा, गाडीत पोरं, भांडी, कोयते टाकायचा आणि सगळ्यांनी उन्हाळ्यापर्यंत ऊस तोडायला जायचं. सासू तेवढी मागं राहायची. अख्ख्या गावाची हीच तऱ्हा होती. दिवाळीनंतर गावात म्हातारी माणसं आणि कुत्री, एवढंच शिल्लक राहायचं.

त्यामुळं या घरात दिवाळीचा खर्च नुसता दिवाळीचा नसायचा. तेल, गूळ, पोरांचे कपडे हे तर होतंच. पण घरधनी परत येईपर्यंत म्हातारीच्या भाकरीची सोयही त्यातच बसवायची. ऊसतोडीच्या मुकादमानं आगाऊ दिलेली उचल कधीच जिरलेली असायची. आधार होता तो गावच्या दूध संस्थेचा. वर्षभर घातलेल्या दुधावर संस्था दिवाळीला लिटरमागं काही पैसे परत द्यायची, त्याला सगळे ‘फरक’ म्हणायचे. यंदा गाय श्रावणातच आटली होती, तेव्हा फरकही आटला. नोटा हातावर पडल्या तेव्हा छबुबाईनं त्या मोजल्यासुद्धा नाहीत. हाताला हलक्या लागल्या, तेवढ्यानंच तिला काय ते कळलं.

घरी येऊन तिनं चिंचोके काढले. ही रीत बायनाबाईची. अक्षराची ओळख नसलेल्या म्हातारीनं ऐन तरुणपणी ती काढली आणि सुनेला शिकवली. आता दहा रुपयांना एक चिंचोका. सारवलेल्या भुईवर एकेका खर्चाची ढिगली घालायची. सगळ्या ढिगल्या नीट बसल्या की समजायचं, सण निभावला. आणि पहिली ढिगली घालायची ती लेकीची. लेक म्हणजे कडूबाई, बंकटची धाकटी बहीण. तिला सासरहून आणायला मुराळी जाणार त्याचं एस्टीचं भाडं, तिचं लुगडं, भाऊबीजेची ओवाळणी, हे सगळं त्या ढिगलीत. “पयली लेकीची घाल,” बायनाबाईनं सांगून ठेवलं होतं. “बाकीची समदी हितं हायती, मागून घेतील. ती लांब हाय, तिला मागता यायचं न्हाई.”

यंदा छबुबाईनं ढिगल्या घातल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या. तेल कमी केलं. थोरलीच्या परकराचं कापड काढून टाकलं. तरी सासूच्या ज्वारीची ढिगली भरेना. दुष्काळानं ज्वारीचा भाव हाताबाहेर गेला होता, आणि घरात दाणे ठेवल्याशिवाय म्हातारीला एकटं टाकून जायचं तरी कसं? छबुबाईची नजर फिरून फिरून पहिल्या ढिगलीवर जायला लागली.

आता तिच्या मनात जे आलं ते निव्वळ नडीपोटी आलं असं म्हणता येणार नाही. कडूबाईला दिलं होतं तेलगावच्या अंगाला, उसाच्या मुलखात. तिचा नवरा राधाकिशन साखर कारखान्याचा सभासद. कारखाना दिवाळीला सभासदांना स्वस्तात साखर द्यायचा, आणि कडूबाई येताना पिशवीभर साखर आणून या घरात रिकामी करायची. मोठ्या मनानं करायची. ती साखर छबुबाईला गोड लागायची, पण खाताना मनात काहीतरी सलायचं. ह्यांनी ऊस लावायचा आणि आपण दुसऱ्याच्या उसात हातपाय चिरून घ्यायचे. ह्यांच्या घरात साखर, आणि वर लुगडं नेसवायचं ते आपणच. हे ती कधी कुणाजवळ बोलली नव्हती. स्वतःशी मात्र दरवर्षी बोलायची.

तिनं पहिली ढिगली हातानं ओढली आणि सासूच्या ज्वारीत मिसळून टाकली. मग मान वर केली, तर दारात काठी टेकून बायनाबाई उभी होती.

“झालं का गं?” म्हातारीनं विचारलं.

“झालं, आत्याबाई.”

“बरं झालं,” म्हणून म्हातारी काठी टेकत आत गेली. तिला आता जवळचं काही नीट दिसत नाही, असं छबुबाईनं मनाला सांगितलं.

ढिगली मोडायला सोपी, पण नवऱ्याला कसं सांगायचं? बंकटचा बहिणीवर फार जीव. सांगू उद्या, सांगू परवा, असं करत छबुबाई शिरूरच्या बाजाराला गेली, ज्वारी घेतली, आणि गठुडं डोक्यावर घेऊन निघाली तोच समोर रामहरी. कडूबाईच्या सासरच्या गावचा, शिरूर त्याची सासुरवाडी.

“राम राम वैनी. मुराळी कधी येतोय? कडूबाई परवाच इचारत व्हती.”

त्या ओझ्याखालूनच छबुबाईच्या तोंडून निघून गेलं, “आवं, आमी दिवाळीला हितं हाव कुठं? यंदा मुकादमानं लई घाई लावलीय. दिवाळीच्या आदीच गाड्या भरायच्या. कडूबाईला म्हणावं, वाट बघू नका.”

“आसं व्हय. दुष्काळानं टोळ्या लवकरच चालल्यात खऱ्या,” रामहरी म्हणाला. त्याला ते पटलं, कारण त्या वर्षी काही टोळ्या खरोखरच दसऱ्यालाच गेल्या होत्या.

खोटं बोलायचं तर आधी ठरवावं लागतं, अशी छबुबाईची समजूत होती. तसं काही लागत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. रस्ताभर ती स्वतःची समजूत घालत आली. काय चोरी केली का मी? म्हातारीच्या पोटासाठीच केलं ना? एका वर्षानं काय बिघडतंय? दार दिसायला लागलं तसं हे सगळं बोलणं तिला पुरेनासं झालं.

बंकट अंगणात गाडीच्या आखाला वंगण घालत बसला होता. त्यानं ज्वारीकडं पाहिलंही नाही. “आगं, कडीला आणायला मीच जावं म्हणतो यंदा. तेवढंच राधाकिशनरावांना भेटणं व्हईल.”

आता एकाच्या जोडीला दुसरं आलंच. “रामहरी भेटला व्हता बाजारात,” छबुबाई गठुडं उतरवताना पाठमोरीच म्हणाली. “कडूबाईचा निरोप हाय. यंदा यायला जमत न्हाई म्हणली.”

“कावून?”

“काम हाय म्हणं लई. शेताचं आसंल.”

बंकट हातातलं फडकं तसंच धरून बसला. “भाऊबीजेला आली न्हाई असं कधी झालं न्हाई तिचं,” तो म्हणाला. उंबऱ्यात बसलेल्या बायनाबाईनं गठुड्याची गाठ सोडली, मूठभर ज्वारी सुपात घेतली आणि निवडायला लागली. “काम आसंल तर येऊ नये. संसार हाय तिचा,” एवढंच ती म्हणाली. तिची बोटं खडे शोधत होती, खडे फारसे नव्हते, तरी शोधत होती.

त्यानंतरचे दिवस छबुबाईला नकोसे झाले. ज्वारी तिनं पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवली होती, आणि घर एवढंसं की जिकडं वळावं तिकडं पोतं दिसायचं. पोरांवर ती उगीच खेकसायची. बंकट भला माणूस, तो दोनदा आपणहून म्हणाला, “कडीचं लुगडं वाचलं यंदा, तर थोरलीला कापड घे की.” तेव्हा तिला भुईनं पोटात घ्यावं असं झालं. लुगड्याचे पैसे त्या पोत्यात होते, हे त्याला सांगायला तिची जीभ रेटली नाही. एकदा वाटलं, पत्र टाकावं, या म्हणावं. पण या म्हणायचं तर आधी खोटं बोलले हे लिहायला लागणार, आणि पत्र लिहून घ्यायचं तर गावातल्या मास्तरांकडून. ते राहूनच गेलं.

नरकचतुर्दशीचा दिवस. पोरांच्या आंघोळी निम्म्या बादलीत उरकल्या होत्या. छबुबाई चुलीपुढं बसून शंकरपाळ्या तळत होती. मूठभर होत्या, तेलात सगळ्या एकदम मावल्या. तेवढ्यात अंगणातून आवाज आला. तो ऐकून तिच्या हातातला झारा कढईत सुटला.

“दादा, तुमी अजून हितंच?”

कडूबाई अंगणात उभी होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला डबा, पाय धुळीनं भरलेले. तिनं गाडीकडं पाहिलं, बैलांकडं पाहिलं, मग भावाकडं.

“मग कुठं जाणार?” बंकटचं तोंड आनंदानं फुललं होतं. “भाऊबीज झाल्याबिगर कवा गेलतो का आमी? तूच निरोप धाडलास ना, जमत न्हाई म्हणून. काम हाय म्हणलीस रामहरीपाशी.”

छबुबाई दारात आली होती. कडूबाईची नजर तिच्यावर येऊन थांबली. फार वेळ नाही, पण तेवढ्यात तिला सगळं उमगलं, आणि तिला उमगलं हे छबुबाईलाही दिसलं. आता ही बोलणार, म्हणून छबुबाईनं चौकट घट्ट धरली.

“व्हय, म्हणलं व्हतं,” कडूबाई भावाला म्हणाली. “कामाचा खाडा पडतोय म्हणून. पण जीव लागंना घरी, म्हणून आले.”

तिनं वहिनीला सांभाळून घेतलं होतं. भांडली असती तर छबुबाईनं सहन केलं असतं, उलटून दोन शब्द बोललीही असती. हे मात्र तिला कुठं ठेवावं ते कळेना.

पोरांनी डब्याला गराडा घातला. कडूबाईनं झाकण काढलं. आत रव्याचे चार लाडू होते, लहान लहान, दुधात मळलेले, बोटानं दाबले तरी फुटावेत इतके मऊ. अशी लाडवाची खटपट कुणी पोरांसाठी करत नाही. तोंडात दात नसलेल्या एका माणसापुरता तो डबा होता. भाऊ-वहिनी उसाला गेलेले, माय एकटी, तिला सणाचं गोड कोण करून घालणार, म्हणून ही बाई तेलगावहून बीड, बीडहून शिरूर अशा एस्ट्या बदलत आली होती. खोटं बोलताना छबुबाईच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही उसाला गेलो म्हटल्यावर मागं कोण राहतं, हे साऱ्या मुलखाला ठाऊक. लेकीला तर दुसरं काही सुचणारच नव्हतं.

कडूबाईनं पिशवीतली साखर वहिनीच्या हातात दिली. दरवर्षीपेक्षा कितीतरी हलकी होती. देताना तिचे हात छबुबाईच्या हाताला लागले, आणि ते हात उसाच्या बागायतदारणीचे नव्हते. तळव्याला भेगा, अंगठ्याला चिंधी.

“हे काय झालं?” छबुबाईच्या तोंडून निघालं.

“खडी फोडतेय की वैनी. आमी दोघं बी रोजगार हमीच्या कामावर हाव. हिरीला पाणी न्हाई, ऊस जागीच वाळला. कारखान्याला एक कांडं गेलं न्हाई आमचं. सभासद म्हणून एवढी साखर तरी मिळाली.” ती हे सहज सांगत होती. मग आईच्या शेजारी बसून म्हणाली, “दादा, खरं सांगू का? मी मायला न्यायला आले. तुमी येस्तवर माझ्याकडं राहील ती.”

बंकट गोंधळला. “ल्योक असताना माय लेकीच्या घरी? लोकं काय म्हणतील?”

“लोकं समदी उसाला जातेत,” कडूबाई म्हणाली. “म्हणायला हितं राहातंय कोण?”

यावर बंकटलाही हसू आलं. पण खरी अडचण लोकांची नव्हतीच, बायनाबाईची होती. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा तिचा नेम. कडूबाईच्या बाळंतपणात ती तेलगावला गेली तेव्हा भाकरी बांधून घेऊन गेली होती, आणि पाणी शेजारच्या घरातून मागून प्यायली होती. आता ती नाही म्हणणार, असं सगळ्यांनीच गृहीत धरलं. म्हातारी हातातला लाडू जरा वेळ न खाता धरून बसली. “जाते मी,” ती म्हणाली. “ने मला.”

संध्याकाळी चुलीपाशी दोघीच असताना छबुबाईनं धीर केला. “कडूबाई, रामहरीला म्या…”

“तेल तापलंय वैनी, तिकडं बघा,” कडूबाई म्हणाली, आणि उठून पणत्या लावायला गेली.

भाऊबीजेला ओवाळून झालं. बंकटनं खिसा चाचपून पाचाची एक नोट काढली आणि ताटात टाकताना त्याची मान खाली गेली. कडूबाईनं ती नोट कपाळाला लावून पदराच्या गाठीला बांधली. छबुबाईला राहवेना. ती कोपऱ्यातलं पोतं ओढत पुढं घेऊन आली. “आत्याबाईची ज्वारी हाय. ही तुमी संगं न्या.”

“ती पोरांना लागंल तिकडं,” कडूबाई म्हणाली. “आमाला हमीच्या कामावर कूपनावर दाणे मिळतेत. मायचं त्यात भागतंय. माय काय माझ्या घरी विकत जेवणार हाय का?” बंकटनंही मान डोलावली, आणि पोतं होतं तिथं गेलं.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर एस्टीची वाट बघत सगळी उभी होती. बंकट आणि कडूबाई गाडी दिसते का म्हणून रस्त्यावर पुढं गेले. बायनाबाई दगडावर बसली होती, शेजारी तिचं बोचकं. तिनं सुनेला खुणेनं जवळ बोलावलं.

“छबू, त्या दिवशी तू लेकीची ढिगली मोडलीस. म्या बघितलं.”

छबुबाईला वाटलं, आता शिव्या मिळतील तर बरं होईल.

“म्या बघितलं आन गप बसले,” म्हातारी म्हणाली. “तुमी परत यायच्या आदी, मागल्या साली, दाणे सरले माझे. दारोदार पीठ मागून दिवस काढले. तुमाला सांगितलं न्हाई. म्हणून तू ती ढिगली माझ्या ज्वारीत घातलीस तवा मला बरं वाटलं बघ. पोटच्या लेकीचा वाटा गेला, आन मायला बरं वाटलं.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “रामहरीचा निरोप खोटा हाय, हे बी कळलं व्हतं मला. आता तीच मला न्यायला आली. कुठल्या तोंडानं न्हाई म्हणू तिला?”

छबुबाईला रडू फुटलं. रडताना तिला हेही कळत होतं, की मागच्या वर्षी जाताना म्हातारीपाशी दाणे कमी ठेवले ते आपणच, आणि परत आल्यावर पुरले का म्हणून विचारलंसुद्धा नाही. “आत्याबाई, मी सांगते कडूबाईला. आत्ता सांगते.”

“तिला काय सांगतीस? तिला समदं ठावं हाय,” बायनाबाई म्हणाली. एस्टी आली. कडूबाईनं आईला धरून वर चढवलं, खिडकीतून पोरांना हात केला, आणि “वैनी, तिकडं जपून राहा, कोयत्याचं बघून,” असं म्हणाली. दरवर्षी म्हणायची तसंच.

दुसऱ्या सकाळी गाडी भरली. भांडी, कोयते, पांघरुणं, पोरं. मागं गाय बांधली. शेवटी बंकटनं पोतं उचलून गाडीत टाकलं. “बरं झालं बघ ज्वारी राहिली ते,” तो म्हणाला. “तिकडं दाणे इकत घ्यायला नको.”

“व्हय,” छबुबाई म्हणाली.

पहिला मुक्काम रस्त्याकडेच्या एका लिंबाखाली पडला. तिनं तीन दगड मांडले, जाळ केला, त्या पोत्यातल्या ज्वारीचं पीठ मळलं. पोरं जेवली, बंकट जेवला. ती नुसतीच तव्याकडं बघत बसली.

“तू कावून जेवत न्हाईस?” बंकटनं विचारलं.

“जेवते की,” म्हणून तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि मिरचीला लावून तोंडात घातला. दिवसभर गाडीबरोबर चालून तिला सपाटून भूक लागली होती. भाकरी गोड लागली. ती गोड लागावी, हेच तिला सोसवेना, आणि तरी तिनं दुसरा तुकडा मोडला.